चालकाचे वय आणि अपघाताचा धोका
वाहन चालवणाऱ्याचे वय आणि त्याच्या हातून अपघात होण्याची शक्यता यांतील संबंध. कापलेल्या अंतराच्या हिशेबाने आलेख काढला तर तो विशीच्या आत सर्वांत उंच असतो, मधल्या वयात खाली येऊन स्थिरावतो आणि सत्तरीनंतर पुन्हा चढतो. अमेरिकेत १६ ते १९ वर्षांच्या चालकांचा प्राणघातक अपघातांचा दर त्यांच्याहून मोठ्यांच्या जवळपास तिप्पट आहे.

या वयात कोवळेपणा कुठे संपतो आणि अननुभव कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. एकट्याने गाडी चालवू लागल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत वाईट. नवशिक्याची नजर बॉनेटपुढच्या रस्त्यावर खिळलेली असते. मुरलेला चालक थांबलेल्या एसटीच्या आडून कोणीतरी धावत येणार हे धरूनच पाय ब्रेकवर नेतो. शेजारी मित्र बसले की धोका वाढतो, आईवडील बसले की घटतो. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला: सुरुवातीला रात्री गाडी चालवण्यावर आणि सोबती नेण्यावर बंधने.

म्हातारपणी अडचण वेगाची नसते, चौकाची असते. समोरची गाडी किती जोरात येते आहे याचा अंदाज चुकतो, मान पुरती वळत नाही, मोतीबिंदूमुळे समोरचे दिवे डोळ्यांत पसरतात. मात्र 'म्हातारे चालक धोकादायक' हे अर्धेच खरे. ज्या धडकेतून तरुण लंगडत का होईना उठतो, तिच्यात पंचाहत्तरीच्या माणसाच्या बरगड्या मोडतात. त्यामुळे मृत्यूचे आकडे फुगतात. शिवाय वृद्ध थोडेच फिरतात आणि तेही गावातल्या चौकाचौकांतून, त्यामुळे दर किलोमीटरचा हिशेब त्यांच्यावर अन्याय करतो. जपानमध्ये २००९ पासून ७५ वर्षांवरील चालकांना परवाना नूतनीकरणावेळी स्मरणशक्ती व आकलनाची चाचणी द्यावी लागते.

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची. पण हे मृतांचे वय, चालकांचे नव्हे. यात पादचारीही आले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवाना १८ व्या वर्षी, प्रवासी वा मालवाहू वाहनासाठी २० व्या वर्षी मिळतो. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालते; तशा गाड्या आता दिसतातच कुठे? क्लासबाहेर लावलेल्या स्कूटर ११० सीसीच्या असतात. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.