ज्युरी स्पेशल नव्हे, व्हर्डिक्ट स्पेशल

आधी एक काटा काढून टाकतो. स्पेशल ज्युरी वेगळी आणि स्पेशल व्हर्डिक्ट वेगळं. पहिल्यात माणसं निवडक असतात, दुसऱ्यात कौल (व्हर्डिक्ट) द्यायची रीतच वेगळी. १९५९ साली मुंबईत नानावटी खटला चालला तो स्पेशल ज्युरीपुढे. पण ८ विरुद्ध १ मतांनी तिने दिलेला ‘दोषी नाही’ हा कौल अगदी साधा, जनरल व्हर्डिक्ट होता. आत खल, बाहेर एक ओळ, कारणं विचारायची नाहीत. ते आपल्याला ठाऊकच आहे.

खरा घोळ अमेरिकेतल्या ट्रेड सीक्रेटच्या, म्हणजे धंद्यातल्या गुपितांच्या, दाव्यांत होतो. ज्युरीच्या हाती प्रश्नांचा फॉर्म दिसला की लोक ‘स्पेशल व्हर्डिक्ट’ लिहून मोकळे! तिथल्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ४९ मध्ये प्रश्नांचे प्रकार दोन आहेत. स्पेशलमध्ये ज्युरी फक्त काय घडलं ते सांगते, कायदा लावून निकाल न्यायाधीश देतात. दुसऱ्या प्रकारात जनरल व्हर्डिक्टच असतं, सोबत प्रश्न. म्हणजे ज्युरी उत्तरंही देते आणि कोण जिंकलं तेही सांगते. तेव्हा प्रश्न मोजत बसू नका, विजेता कोण ठरवतंय ते बघा.

हा फरक कुठे बोचतो? समजा, एका फॉर्म्युल्यावरून दावा आहे. ‘वादीने तो गुप्त राखायला वाजवी काळजी घेतली होती का?’ उत्तर : नाही. ‘प्रतिवादीने तो वापरला का?’ उत्तर : हो. स्पेशल असेल तर भांडणच नाही. जे कायद्याने गुपित नव्हतंच ते वापरलं, दावा फसला. पण दुसऱ्या प्रकारात खाली ‘वादीच्या बाजूने’ अशीही खूण असेल, तर उत्तरं आणि कौल यांचं जुंपतं. मग न्यायाधीशांनी एक तर उत्तरांप्रमाणे निकाल द्यायचा, नाही तर ज्युरीला परत आत पाठवायचं, नाही तर नवा खटला. उत्तरं आपसातही जुळत नसतील आणि त्यातलं एखादं कौलाशीही, तर पहिली वाट बंद. वकिलाने ज्युरी घरी जायच्या आत उठून हरकत घ्यावी हे बरं.

स्पेशलमध्ये आणखी एक खड्डा आहे. एखादा मुद्दा फॉर्ममधून गळला आणि ज्युरी आत जाण्याआधी कुणी मागितला नाही, तर त्यावर ज्युरीचा निकाल मिळवायचा पक्षकारांचा हक्क गेला. तो मुद्दा न्यायाधीशच ठरवू शकतात.

प्रकार कुठलाही असो, माझा हट्ट एकच : दर गुपिताला वेगळा प्रश्न, पैशाला वेगळी चौकट. एपिक (रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी अमेरिकी कंपनी) विरुद्ध टीसीएस या गुपितं चोरल्याच्या दाव्यात २०१६ साली विस्कॉन्सिनच्या ज्युरीने दिलेले ९४ कोटी डॉलर आपल्याकडे गाजले. त्यांची फोड कुणी वाचली नाही. १४ कोटी टीसीएसने आपलं आणि एपिकचं सॉफ्टवेअर ताडून केलेल्या एका तुलनात्मक विश्लेषणाच्या वापरापोटी, १० कोटी इतर माहितीपोटी, ७० कोटी दंडात्मक. न्यायाधीशांनी पुरावा नाही म्हणून ते १० कोटीच तेवढे उडवले, १४ तसेच राहिले. दंडाला राज्याच्या कायद्याने दुपटीची मर्यादा, म्हणून २८. २०२० मध्ये अपील कोर्टाने त्यालाही १४ ची मर्यादा घातली. सगळे २४ कोटी एकाच चौकटीत लिहिलेले असते, तर कात्री नेमकी कुठे लावायची?