संग्रहासाठी हातघडणीची कट्यार, बिचवा किंवा कारद मागवताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या मुंबईतील कार्यशाळेत कट्यार, बिचवा आणि कारद ही तीन पारंपरिक शस्त्रे संग्राहकांच्या मागणीनुसार हाताने घडवली जातात. तयार माल आम्ही ठेवत नाही. मागणीपत्र भरण्यापूर्वी हे पत्रक सावकाश वाचावे अशी विनंती आहे, कारण पात्याला एकदा पाणी दिले, म्हणजे तापवून व विझवून कठीण केले, की त्याची लांबी, रुंदी किंवा घाट बदलता येत नाही आणि बदल हवाच असेल तर ते पाते बाजूला ठेवून नवे घडवावे लागते.

सर्वप्रथम प्रकार ठरवावा. कारद हा सरळ पाठीचा, एका बाजूस धार असलेला सुरा असून पहिल्या मागणीसाठी आम्ही तोच सुचवतो. बिचव्याचे पाते दुहेरी वळणाचे असते आणि त्याची मूठ बहुधा कड्यासारखी असल्यामुळे बोटे तिच्या आत जातात. कट्यारीला दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे असतात व ती मुठीत आवळून धरली जाते. म्हणूनच कट्यार मागवणाऱ्या ग्राहकाने मिटलेल्या मुठीची रुंदी मोजून कळवणे आवश्यक आहे. शक्य असल्यास निर्णयापूर्वी काळा घोडा येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील शस्त्रदालन पाहून यावे, कारण छायाचित्रात पात्याची जाडी आणि टोकाकडे होणारा उतार समजत नाही.

मापांना कायद्याची मर्यादा आहे. २०१६च्या शस्त्र नियमावलीत धारदार शस्त्रांच्या वर्गासाठी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते ही सीमा दिलेली आहे आणि आमची सर्व पाती या दोन्ही मापांच्या आत असतात. जुन्या कट्यारींची पाती बुंध्याशी पुष्कळदा २ इंचांहून रुंद असत, त्यामुळे आमची कट्यार ही मूळ मापाची हुबेहूब प्रतिकृती नसते, हे मागणीपूर्वीच स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. मोठ्या मापासाठी कितीही आग्रह झाला तरी आम्ही ते काम घेत नाही. मुंबईत सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्यास मनाई करणारे पोलीस आदेश वेळोवेळी निघत असतात. त्यामुळे ताबा घेण्यापूर्वी आपल्या भागातील पोलीस ठाण्यात चौकशी करावी आणि बिलासह दिलेली कुलूपबंद पेटी वाटेत न उघडता थेट घरी न्यावी. विमानप्रवासात ती हातातील सामानात नेता येत नाही.

पोलादाविषयी ग्राहकांच्या मनात सर्वाधिक गोंधळ असतो, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. आपल्याकडील प्रसिद्ध वूट्झ पोलाद मातीच्या बंद मुशीत वितळवून तयार होत असे. त्यात कार्बनचे प्रमाण सुमारे दीड टक्का असे आणि पात्यावरील लाटांसारखी नक्षी त्या एकाच लगडीच्या अंतर्रचनेतून उमटत असे. आज बाजारात ‘दमास्कस’ म्हणून मिळणारी बहुतेक पाती दोन वेगवेगळ्या पोलादांचे थर भट्टीत तापवून, घणाखाली एकजीव करून बनवलेली असतात. आमची नक्षीदार पातीही याच दुसऱ्या पद्धतीची आहेत, वूट्झची नाहीत. एक थर अधिक कार्बनच्या साध्या पोलादाचा आणि दुसरा सुमारे २ टक्के निकेल असलेल्या पोलादाचा असतो. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात पहिला काळवंडतो, दुसरा उजळ राहतो आणि नक्षी दिसू लागते. दोन पात्यांची नक्षी कधीही सारखी येत नाही. नक्षी नको असल्यास एकसंध पोलादाचे पाते घ्यावे. ते स्वस्त पडते आणि आमच्या मते कारदीला तेच अधिक शोभते. दोन्ही प्रकारांत पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवले जाते आणि नंतर सुमारे २०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला जातो.

कारदीच्या मुठीसाठी म्हशीचे शिंग, पितळ किंवा सागवान वापरले जाते. मुंबईतील जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा निघणारे सागवान आम्हांला विशेष प्रिय आहे, कारण अनेक दशके वाळलेले ते लाकूड दमट हवेतही फारसे फुगत नाही. हस्तिदंत आणि सांबरशिंग वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे वापरता येत नाही. ग्राहकाने स्वतःजवळचा जुना तुकडा आणून दिला तरी तो आम्ही बसवून देत नाही.

प्रत्येक पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर घडणीचे वर्ष कोरलेले असते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेषांचा वेगळा कायदा लागू होतो आणि नव्या वस्तूवर मुद्दाम गंज चढवून तिला जुनी भासवणे ही संग्राहकाची फसवणूक आहे, म्हणून तसे काम आम्ही कोणत्याही किमतीला करत नाही.

मागणीसोबत ओळखपत्राची प्रत आणि निम्मी रक्कम द्यावी लागते. वय १८ वर्षे पूर्ण असावे. कामाला साधारण चार महिने लागतात. पावसाळ्यात लाकडी मूठ बसवण्याचे काम आम्ही थांबवतो, त्यामुळे जूनमध्ये दिलेली मागणी दिवाळीपूर्वी पूर्ण होईल असे गृहीत धरू नये. पाणी देण्यापूर्वी पात्याचे छायाचित्र व मापे पाठवली जातात आणि आपली लेखी संमती आल्यावरच पुढचे काम होते.

घरी आणल्यावर पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेले पदार्थ पोलादाला डाग पाडतात. म्यान वेगळे ठेवून पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात द्यावा, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहणी करावी. खाद्यतेल काही काळाने चिकट होते, म्हणून ते टाळावे. पात्याला बोट लागल्यास ते लगेच कोरड्या सुती कापडाने पुसून घ्यावे. गंजाचा ठिपका दिसल्यास पॉलिश पेपर लावू नये, त्याने नक्षी निघून जाते. पाते आमच्याकडे आणावे. डाग काढून नक्षी पुन्हा उठवण्याचे काम पहिल्या वर्षी विनामूल्य केले जाते.