ढग कोसळतो कधी? जीन्सची मर्यादा आणि चुंबकीय मर्यादा

ताऱ्यांच्या जन्माविषयी वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ढगाचं वस्तुमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की तो स्वतःच्याच गुरुत्वाने कोसळतो. मर्यादा नेमकी कोणती, ते सहसा कुणी सांगत नाही. त्या दोन आहेत आणि दोघींचा स्वभाव अगदी निराळा आहे.

पहिली ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडली. तिच्यात गुरुत्वाला अडवतो तो वायूचा उष्णताजन्य दाब. तारे ज्यांत जन्मतात त्या रेणवीय मेघांचं (रेणूंच्या थंड वायूच्या ढगांचं) तापमान जेमतेम १० केल्विन, त्यामुळे हा दाब तसा लेचापेचाच. शिवाय आकुंचनातली उष्णता धूळ आणि रेणू प्रारणाच्या रूपात बाहेर टाकतात, म्हणून तापमान बराच काळ चढत नाही आणि ढग दाटेल तशी मर्यादा उतरत जाते. घनता १०० पट झाली की ती दहाव्या हिश्शावर येते. मोठ्या ढगाचे कोसळता कोसळता तुकडे पडतात ते यामुळे.

दुसरी, चुंबकीय मर्यादा अशी उतरत नाही. तिच्यात गुरुत्वाला अडवतं ते ढगातलं चुंबकीय क्षेत्र. त्याच्या बलरेषा वायूत जखडलेल्या असतात. ढग आकसला की त्याही दाटतात. त्रिज्या निम्मी झाली की गुरुत्वाची ऊर्जा दुप्पट होते खरी, पण चुंबकीय ऊर्जाही दुप्पटच! म्हणजे वस्तुमान आणि चुंबकीय फ्लक्स (ढगातून जाणाऱ्या एकूण बलरेषांचं माप) यांचं गुणोत्तर सुरुवातीलाच कमी असेल, तर ढग कितीही दाबा, गुरुत्वाचं पारडं जड होत नाही. जीन्सची अट पुरी होऊनही तारा अडतो.

यातून वाट मेस्टेल आणि स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दाखवली. ढगाच्या दाट गाभ्यात आयन, म्हणजे विद्युतभारित कण, फार थोडे, साधारण कोटी रेणूंमागे एक. चुंबकीय क्षेत्राची पकड फक्त त्या आयनांवर. विद्युतभार नसलेले उदासीन रेणू त्यांना धडकत, घासत आत सरकतात आणि फ्लक्स मागे राहतो. याला अँबिपोलर डिफ्यूजन म्हणतात. काम संथ: मुक्तपणे कोसळायला लागणाऱ्या वेळेच्या दहापट वगैरे.

तारे इतके सावकाश का बनतात, याचं हेच उत्तर बरीच वर्षं दिलं जाई. पुढे झीमन परिणामाच्या (चुंबकीय क्षेत्रामुळे वर्णपटातल्या रेषा दुभंगतात त्याच्या) मोजमापांतून दिसलं, की बहुतेक दाट ढग चुंबकीय मर्यादा आधीच ओलांडून बसलेले असतात. त्यामुळे या संथ सरकण्याला मुख्य दरवाजा मानणं मला आता अवघड वाटतं. पण त्याला मोडीतही काढता येत नाही. ढगातला सगळा फ्लक्स ताऱ्यात उतरला असता, तर नवजात ताऱ्यांचं चुंबकीय क्षेत्र आज मोजलं जातं त्याच्या हजारो पट निघालं असतं.