गाळप्रदूषण आणि तळवासी सागरी मासे

समुद्राच्या, खाडीच्या किंवा नदीमुखाच्या तळाशी बसलेल्या गाळात विषारी रसायने व जड धातू साठत गेल्याने तळालगत राहणाऱ्या माशांच्या प्रकृतीवर जे परिणाम होतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. लेपी, पाकट, शिंगाळा, वाम आणि चिखलात बिळे करून राहणारी निवटी हे असे मासे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत. वडोदऱ्यापासून समुद्र दूर असला, तरी शहराच्या दक्षिणेकडून जाणारी ढाढर, तिला मिळणारी विश्वामित्री आणि उत्तरेकडची मही यांचे पाणी खंबातच्या आखातातच जाते. त्यामुळे हा विषय वडोदरेकरांच्या दारातला आहे. विश्वामित्रीतल्या मगरींची चर्चा शहरात नेहमी होते, गाळाची मात्र क्वचितच.

कारखान्यांचे सांडपाणी, बंदरांतील तेलगळती, लाकूड टिकवण्यासाठी वापरलेले क्रिओसोट, जहाजांच्या बुडाला लावलेले रंग आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशके यांतील बरीचशी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती बारीक कणांना, विशेषतः ६३ मायक्रॉनपेक्षा लहान मातीकणांना व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून तळाशी बसतात. म्हणून पाण्याचा नमुना निर्दोष निघूनही खालचा चिखल विषारी असू शकतो आणि सांडपाणी बंद झाल्यावरही अनेक दशके तो तसाच राहतो. लेपीसारखा चपटा मासा एका कुशीवर गाळातच पडून असतो. तो गाळ उकरून त्यातले कृमी, शंख-शिंपले आणि लहान कवचधारी प्राणी खातो व घासाबरोबर गाळही गिळतो. त्वचा, कल्ले आणि आतडे अशा तिन्ही वाटांनी विष शरीरात शिरते.

यकृतावरील परिणामांचा अभ्यास सर्वांत खोलवर झाला आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्युजेट साउंड या सागरी भागात इंग्लिश सोल या चपट्या माशाच्या यकृतात गाठी आणि कर्करोगपूर्व पेशीबदल आढळले. ज्या ठिकाणच्या गाळात बहुचक्री अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बने (तेल व कोळशात असणारी आणि इंधन जळताना तयार होणारी कार्बनी द्रव्ये) अधिक होती, तिथे हे प्रमाणही अधिक होते. यामागची प्रक्रिया काहीशी विपरीत आहे. यांपैकीच बेंझोपायरीनसारखे द्रव्य बाहेर टाकता यावे म्हणून यकृतातील विकरे (एन्झाइम) त्याचे रूपांतर करतात, पण या रूपांतरात तयार होणारी काही मधली संयुगे मूळ द्रव्यापेक्षा अधिक घातक असतात आणि ती डीएनएला चिकटून बसतात. उरलेला अंश पित्तातून बाहेर जातो. त्यामुळे माशाच्या मांसात ही हायड्रोकार्बने शोधून फारसे हाती लागत नाही. पित्ताशयातला थेंबभर हिरवट द्रव तपासला, तर मासा अलीकडे कशात वावरला हे मात्र कळते. पीसीबी (विद्युत उपकरणांतील तेलात वापरली गेलेली, सहज न विघटणारी क्लोरीनयुक्त रसायने) आणि पारा यांचे तसे नाही. पीसीबी चरबीत व पारा मांसात साठतो, आणि लेपीच्या पोटातला सारा ऐवज काढून ती तळली, तरी मांसातला पारा तिथेच राहतो.

प्रजननावरचे परिणाम डोळ्यांना दिसत नाहीत, पण मत्स्यसाठ्याच्या दृष्टीने ते अधिक गंभीर मानावेत. प्युजेट साउंडमधल्या दूषित जागी इंग्लिश सोलच्या अनेक माद्यांच्या अंडाशयांची वाढ वेळेवर झाली नाही, तर तिथल्याच सिएटल शहरालगतच्या एलियट उपसागरात नरांच्या रक्तात एरवी मादीतच तयार होणारे अंडपीतकाचे प्रथिन आढळले. याशिवाय रोगप्रतिकारशक्ती घटणे व पिलांची वाढ खुंटणे हेही परिणाम नोंदले गेले आहेत. काही वेळा मासे विषाला सरावतातही. न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीत पीसीबी मुरलेल्या तळाशी राहणाऱ्या टॉमकॉड माशांच्या एका ग्राही प्रथिनाच्या (पेशीत विषद्रव्य ज्याला जोडले जाते त्या प्रथिनाच्या) जनुकातून सहा बेस, म्हणजे डीएनएची सहा अक्षरे, गळून गेल्याचे २०११ मध्ये दाखवण्यात आले. या बदलामुळे पीसीबी त्या प्रथिनाला नीट जोडले जात नाहीत आणि मासा तगतो. मात्र तगलेला मासा आपल्या अंगातले विष त्याला खाणाऱ्याकडे पोचवतो, त्यामुळे ही बातमी पूर्णपणे चांगली म्हणता येत नाही.

धातूंच्या बाबतीत गाळातले एकूण प्रमाण फसवे असते. प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात कॅडमियम, जस्त, तांबे, निकेल व शिसे सल्फाइडशी बांधले जातात आणि माशांपर्यंत कमी पोचतात. तोच चिखल उपसून हवेत आला की ते पुन्हा मोकळे होतात. पाऱ्याचे वर्तन उलट आहे, कारण अशाच चिखलातले सल्फेट-क्षपणक (प्राणवायूऐवजी सल्फेट वापरून जगणारे) जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात, म्हणजे अधिक विषारी व शरीरात साठणाऱ्या रूपात, रूपांतर करतात. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला रोग मासे व शिंपले खाल्ल्यामुळे झाला होता. तिथल्या उपसागरातला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसून व भरावाखाली गाडून टाकावा लागला.

वडोदऱ्याच्या उत्तरेला कोयली येथे १९६५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि पुढे त्याच्या भोवती खते व रसायनांचा औद्योगिक पट्टा उभा राहिला. या पट्ट्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातील सारोदजवळ महीच्या मुखाशी सोडले जाते. त्यामुळे शहराजवळच्या नद्यांवरचा भार हलका झाला, पण तो नदीमुखाकडे सरकला, हेही नोंदवले पाहिजे.

खंबातच्या आखातात हा प्रश्न प्युजेट साउंडपेक्षा वेगळे रूप घेतो. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या पुढे जातो, पाणी कायम गढूळ असते आणि आजचा तळ उद्या दुसरीकडे गेलेला असतो. त्यातच नर्मदा व तापी दख्खनच्या काळ्या पाषाणाचा चुरा घेऊन येतात. या बेसॉल्टमध्ये तांबे, क्रोमियम, निकेल व लोह निसर्गतःच भरपूर असते, त्यामुळे परदेशी मानकांच्या तक्त्याशी इथले आकडे थेट ताडून पाहिल्यास स्वच्छ गाळही दूषित ठरतो. यासाठी धातूंचे प्रमाण अ‍ॅल्युमिनियमसारख्या संदर्भ मूलद्रव्याशी, म्हणजे जे खडकातूनच येते व प्रदूषणाने फारसे वाढत नाही त्याच्याशी, ताडून पाहतात.

गाळ स्वच्छ करण्याचे उपाय मोजकेच आहेत. प्युजेट साउंडमधील ईगल हार्बरचा क्रिओसोटने माखलेला तळ १९९३-९४ मध्ये स्नोहोमिश नदीतून उपसलेल्या स्वच्छ गाळाच्या थराखाली झाकण्यात आला आणि पुढल्या काही वर्षांत तिथल्या इंग्लिश सोलमधले यकृतविकार स्पष्टपणे घटले. बॉस्टन बंदरात १९८० च्या दशकात विंटर फ्लाउंडर या चपट्या माशाच्या यकृतात गाठी सापडत होत्या. मैलागाळ समुद्रात सोडणे १९९१ अखेर थांबले, सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारली आणि गाठी हळूहळू दिसेनाशा झाल्या. खंबातमध्ये झाकणाचा थर भरतीपुढे टिकणार नाही, म्हणून तिथे भर मुळावरच, म्हणजे सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर द्यावा लागतो.

अशा अस्थिर तळावर देखरेखीसाठी जागा न सोडणारा मासा हवा. गुजरातीत लेवटा म्हणतात ती निवटी, विशेषतः बोलिऑफ्थॅल्मस ड्युसुमिएरी ही जाती, या कामी सोयीची आहे. ओहोटी लागली की ती बिळातून बाहेर येते आणि डोके डावीउजवीकडे हलवत ओल्या चिखलावरचा डायटमांचा (सूक्ष्म एकपेशीय शैवालांचा) तपकिरी थर खरवडून खाते, म्हणजे गाळाचा अगदी वरचा, सर्वांत ताजा पापुद्राच तिच्या पोटात जातो. ती ओल्या त्वचेतूनही श्वास घेते, त्यामुळे चिखलाशी तिचा संपर्क सतत असतो. मात्र नदीच्या पुरासरशी हा पापुद्रा बदलतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पूर ओसरल्यानंतर असे दोन्ही वेळचे गाळ, यकृत व पित्ताचे नमुने त्याच जागेवरून घ्यावे लागतात.