सकाळचा रेडिओ कार्यक्रम

सकाळचा रेडिओ कार्यक्रम : लोक उठून कामाला लागतात त्या वेळेत, साधारणपणे सहा ते दहाच्या दरम्यान, रोज किंवा ठरलेल्या वारी प्रसारित होणारा मिश्र स्वरूपाचा कार्यक्रम. निवेदकाच्या बोलण्यात गाणी, नामवंत पाहुण्यांशी गप्पा आणि दोन-चार मिनिटांचे चिंतन ओवलेले असते. बातम्या, हवामान आणि रहदारीची खबर अधूनमधून येते. या प्रकाराचे सगळे रूप श्रोत्याच्या अवस्थेवरून ठरले आहे. त्याचे हात आणि डोळे कामात असतात. मोकळा असतो तो फक्त कान, आणि तोही पुरता नाही. दाढी करताना, केस विंचरताना, किल्ल्या शोधताना जे ऐकले जाते ते तुकड्यातुकड्यांनीच ऐकले जाते. म्हणून कार्यक्रमही तुकड्यांचाच बांधावा लागतो, आणि कोणत्याही तुकड्यापासून ऐकायला सुरुवात केली तरी श्रोता परका राहू नये, ही त्यातली खरी कारागिरी.

नभोवाणीच्या पहिल्या दिवसांत सकाळची वेळ कोणालाच नको होती. मोठे वाद्यवृंद, नाटके आणि जाहिरातदार संध्याकाळकडे धावत. सकाळ प्रथम भरली ती व्यायामाने. न्यूयॉर्कमध्ये १९२५ मध्ये एका आयुर्विमा कंपनीने रेडिओवरून कवायत सुरू केली आणि तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जपानमध्ये १९२८ मध्ये ‘राजिओ तैसो’ ही रेडिओ-कवायत सुरू झाली. ती आजही चालू आहे. तिथेही पुढाकार टपाल खात्याच्या आयुर्विम्याचा होता. विमेदार जितका जास्त जगेल तितके विमा देणाऱ्याचे हित, हा हिशेब त्यामागे होताच.

पाहुणे, संगीत आणि चिंतन हे तिन्ही घटक एकत्र नांदलेले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शिकागोहून होणारा ‘द ब्रेकफास्ट क्लब’. डॉन मॅक्नील (१९०७–९६) या तरुण निवेदकाकडे १९३३ मध्ये ‘पेपर पॉट’ नावाचा एक दुर्लक्षित कार्यक्रम आला. त्याला प्रायोजक नव्हता, त्यामुळे कोणाचे फारसे लक्षही नव्हते, आणि हेच मॅक्नीलच्या पथ्यावर पडले. त्याने नाव बदलले, तासाचे पाव-पाव तासाचे चार भाग केले आणि प्रत्येक भागाला ‘न्याहारीची हाक’ म्हटले. काही काळाने त्याने लिखित संहिताही सोडून दिली. वाद्यवृंद वाजू लागला की स्टुडिओतले प्रेक्षक काल्पनिक टेबलाभोवती संचलन करत आणि घरोघरचे श्रोतेही आपापल्या टेबलाभोवती फिरत. गायक, विनोदी नट, चित्रपटांतले कलावंत येऊन बसत, पण त्यांना श्रोत्यांच्या पत्रांच्या बरोबरीने वेळ मिळे, अधिक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४४ मध्ये मॅक्नीलने प्रार्थनेचा एक क्षण सुरू केला. त्यात कोणत्याही पंथाची प्रार्थना म्हटली जात नसे; ज्याने त्याने आपल्या शब्दांत, आपल्या रीतीने ती करावी, एवढेच तो सुचवी आणि गप्प बसे. रेडिओवर मौन म्हणजे सहसा यंत्रातला बिघाड. ते मौन मुद्दाम कार्यक्रमात बसवणे हे धाडसच होते. डिसेंबर १९६८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षांहून अधिक काळ, कार्यक्रम चालला. पन्नासच्या दशकात तो दूरचित्रवाणीवर नेण्याचे प्रयत्न झाले, पण ते तगले नाहीत. टेबलाभोवतीचे संचलन कल्पनेत शोभते. डोळ्यांना दिसले की त्याची गंमत जाते.

ब्रिटनमध्ये हीच तीन सूत्रे वेगवेगळ्या वाटांनी आली. बीबीसीने १९३९ मध्ये ‘लिफ्ट अप युवर हार्ट्स’ हे सकाळचे छोटे धार्मिक भाषण सुरू केले. त्याच्या जागी १९६५ मध्ये ‘टेन टू एट’ आले आणि १९७० पासून ‘थॉट फॉर द डे’ हे पावणेतीन मिनिटांचे सदर ‘टुडे’ या बातम्यांच्या कार्यक्रमात बसले. गाण्यांच्या बाजूला निवेदक टेरी वोगन यांनी बीबीसीच्याच ‘रेडिओ टू’ या वाहिनीवर १९७२ ते १९८४ आणि पुन्हा १९९३ ते २००९ अशा दोन पर्वांत सकाळ सांभाळली. त्यांच्या गप्पा आणि गाणी यांच्यामध्येही ‘पॉज फॉर थॉट’ हे चिंतन असे.

भारतात आकाशवाणीने दिवसाच्या प्रसारणाची ‘सभां’मध्ये विभागणी केली आणि सकाळच्या सभेला एक ठाम क्रम दिला : वॉल्टर कॉफमन यांची संकेतधून, ‘वंदे मातरम्’, मंगलवाद्य, भक्तिगीते, चिंतन, बातम्या. यात गप्पिष्ट निवेदक नव्हता. उद्घोषक संयमाने बोले. संगीत आणि चिंतन यांची सांगड मात्र नेमकी जमली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीच्या ‘त्रिवेणी’ या सदरात. एक विचार, त्याभोवती विणलेली तीन चित्रपटगीते आणि पंधरा मिनिटांत समाप्ती, एवढाच त्याचा संसार. इथे गाणे विचाराला दाखला म्हणून येते, त्यामुळे शंभरदा ऐकलेली ओळही जरा निराळी ऐकू येते. रेडिओ सिलोनच्या जुन्या चित्रपटगीतांच्या सकाळच्या कार्यक्रमाची सांगता कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होई. ते लागले की आठ वाजत आले, हे घड्याळ न बघता कळे.

घड्याळ हा या कार्यक्रमाचा न दिसणारा सूत्रधार आहे. निर्माता तासाचे वर्तुळ काढून त्यात बातम्या, जाहिराती, गाणी, मुलाखत यांच्या फाका पाडतो. रेडिओच्या धंद्यात याला ‘क्लॉक’ असेच म्हणतात. रोज अमुक वाजून अमुक मिनिटांनी तेच सदर आले की श्रोता त्यावर आपली कामे लावतो : चिंतन संपेपर्यंत बूट घातलेले असले पाहिजेत, वगैरे. म्हणून सदर पाच मिनिटे मागेपुढे झाले तरी तक्रारी येतात. निवेदक वेळ वारंवार सांगतो ती त्यासाठीच. ‘टुडे’चे एक जुने निवेदक जॅक डी मॅनिओ वेळ चुकीची सांगण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांचे श्रोते किती वेळा उशिरा पोहोचले असतील कोण जाणे, पण त्यांनी १९७१ पर्यंत कार्यक्रम केला.

पाहुण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. नामवंत माणूस बहुधा नवे पुस्तक, चित्रपट किंवा मैफल यांची जाहिरात करायला आलेला असतो, त्याची झोप झालेली नसते आणि हाताशी आठ-दहा मिनिटे असतात. अनुभवी निवेदक त्यामुळे ‘सध्या काय चालू आहे’ हा प्रश्न शेवटी ठेवतो. पाहुण्याला बोलते करण्याची सर्वांत खात्रीची युक्ती म्हणजे त्याच्याकडूनच गाणी निवडून घेणे. रॉय प्लॉम्ली यांनी १९४२ मध्ये बीबीसीवर सुरू केलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ने ती रुळवली. निर्जन बेटावर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका न्याल, एवढाच प्रश्न. गाणे का निवडले हे सांगताना माणूस आईबद्दल, पहिल्या नोकरीबद्दल, तुटलेल्या मैत्रीबद्दल आपोआप बोलतो. विविध भारतीच्या ‘विशेष जयमाला’मध्ये चित्रपट कलावंतच सैनिकांसाठी निवेदक होत. हे दोन्ही मुळात सकाळचे कार्यक्रम नव्हेत, पण त्यांची रीत सकाळच्या कार्यक्रमांनी सढळपणे उचलली.

चिंतन हा सर्वांत छोटा आणि सर्वांत अवघड भाग. वक्ता धर्मोपदेशक, लेखक, शिक्षक किंवा डॉक्टर असू शकतो. त्याला लिहून आणावे लागते, पण वाचतो आहे असे वाटता कामा नये. उपदेशाचा सूर लागला की श्रोता मनाने निघून जातो, आणि नुसता किस्सा सांगितला तर चिंतन कशाला म्हणायचे, हा प्रश्न उरतो. रब्बी (ज्यू धर्मगुरू) लायनेल ब्लू यांनी ‘थॉट फॉर द डे’मध्ये यावर विनोदाचा उतारा काढला. स्वतःच्या फजित्या सांगत सांगत ते मरणासारख्या विषयापर्यंत पोहोचत. बोलायचे कोणी, हा वादही जुनाच. या सदरात निधर्मी वक्त्यांनाही जागा द्यावी ही मागणी बीबीसीवर देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने २००९ मध्ये फेटाळली. मॅक्नीलचे मौन या वादातून सुटले होते, कारण त्यात वक्ताच नव्हता.

चिंतनानंतर कोणते गाणे लावावे यालाही अनुभव लागतो. मृत्यूवरच्या बोलण्याला लागून धांगडधिंगा आला तर दोन्ही वाया जातात, आणि त्याच विषयावरचे रडके गाणे आले तर ते पुन्हा तेच सांगू लागते. जाणकार निर्माते अशा वेळी शब्दांविना वाद्यसंगीताचा छोटा तुकडा मध्ये टाकतात.

ट्रान्झिस्टर रेडिओने १९५४ नंतर हा कार्यक्रम दिवाणखान्यातून न्हाणीघरापर्यंत नेला आणि मोटारीतल्या रेडिओने रस्त्यावर. भारतात २००१ पासून खासगी एफएम वाहिन्या आल्या तेव्हा सकाळचा पट्टा सर्वांत महागडा ठरला आणि उद्घोषकाची जागा ‘आरजे’ने घेतली. वेग वाढला, थट्टा वाढली. चिंतन बहुतेक ठिकाणी आक्रसून दोन गाण्यांमधल्या एखाद्या वाक्यावर आले. आता कार्यक्रम नंतर केव्हाही ऐकण्यासाठी पॉडकास्टच्या रूपात ठेवले जातात. त्यात वेळ आणि रहदारी कापली जाते आणि हक्कांच्या अडचणीमुळे बहुधा गाणीही. त्यामुळे पाहुणा मोठ्या मायेने एखाद्या गाण्याची आठवण सांगतो, निवेदक ‘चला, ऐकू या’ म्हणतो, आणि पुढच्याच क्षणी तो पाहुण्याला विचारत असतो, ‘कसं वाटलं?’