फ्लेक्स आणि फुल टाइम: मूल नेमके कोणाच्या पटावर?

फ्लोरिडात राहणारे मराठी पालक ‘मुलीला एफएलव्हीएसमध्ये घातले’ असे सांगतात, तेव्हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही. एफएलव्हीएस म्हणजे फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल, १९९७ साली ऑरेंज आणि अलाचुआ या दोन काउंटींच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) प्रयोगातून उभी राहिलेली, ऑनलाइन शिकवणारी सरकारी संस्था. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ती दोन वेगळ्या व्यवस्था चालवते. एकीचे नाव फुल टाइम, दुसरीचे फ्लेक्स. ‘फ्लेक्स म्हणजे तेच, फक्त वेळेचे बंधन नाही’ हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की नवीन आलेले कुटुंब तो खरा मानून मुलाचे नाव जवळच्या शाळेतून काढून मोकळे होते. हा सल्ला चुकीचा आहे.

फुल टाइमबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची शाळाच आहे, फक्त इमारतीशिवायची. प्रवेशाची मुदत ठरलेली असते, १८० दिवसांचे शैक्षणिक वर्ष असते, सगळे विषय एकत्र घ्यावे लागतात. सार्वजनिक शाळेच्या विद्यार्थ्याला लागू असलेल्या राज्याच्या सर्व परीक्षा द्याव्या लागतात. त्यात सातवीची नागरिकशास्त्राची आणि आठवीची विज्ञानाची परीक्षाही आली.

फ्लोरिडाच्या रहिवाशांना दोन्हीकडे शुल्क नाही आणि दोन्हीकडे राज्याचे प्रमाणपत्र असलेले शिक्षक शिकवतात. पालक याच गोष्टींची तुलना करत बसतात, आणि निर्णय त्यांवर मुळीच अवलंबून नसतो.

खरा फरक पटाचा आहे. फुल टाइममध्ये मूल एफएलव्हीएसच्या पटावर असते. फ्लेक्समध्ये ते एफएलव्हीएसच्या पटावर कधीच नसते. फ्लेक्स ही मुळात शाळा नसून एकेक विषय देणारी व्यवस्था आहे. मूल घराजवळच्या सरकारी शाळेत किंवा खासगी शाळेत शिकत असते आणि तिथल्या वेळापत्रकात न बसणारा गणिताचा किंवा स्पॅनिशचा कोर्स फ्लेक्समधून घेते. सरकारी शाळेतील मुलाच्या कोर्सला त्या शाळेच्या समुपदेशकाची मान्यता लागते, आणि मिळालेले गुण त्याच शाळेच्या नोंदीत जमा होतात. अर्थात, मुलाचे नाव कोणत्याच शाळेत नसले तरी सगळे विषय फ्लेक्समधून घेता येतात. मात्र तसे केले की कायद्याच्या दृष्टीने ते मूल गृहशिक्षणात असते, आणि त्याची रीतसर नोंद करण्याची जबाबदारी पूर्णपणे पालकांची असते.

सहा कोर्स लावले, शिक्षकांचे फोन येऊ लागले, गुण दिसू लागले, म्हणजे मूल शाळेत आहे, असे घरात सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात जुन्या शाळेतून नाव निघालेले असते आणि नव्या कोणत्याही पटावर चढलेले नसते. फ्लोरिडात सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे आहे. त्यामुळे गृहशिक्षण सुरू केल्यापासून तीस दिवसांच्या आत जिल्ह्याच्या शिक्षण अधीक्षकांना लेखी सूचना द्यावी लागते, मुलाने केलेल्या कामाची फाइल ठेवून ती दोन वर्षे जपावी लागते आणि दरवर्षी मूल्यमापन सादर करावे लागते. यातले काहीच केले नसेल, तर जिल्ह्याच्या लेखी ते मूल गैरहजर ठरू शकते, मग त्याने त्या महिन्यात कितीही धडे पूर्ण केलेले असोत. कोर्समध्ये नाव नोंदवले म्हणून ही सूचना आपोआप जात नाही. ती पालकांनीच सही करून द्यायची असते.

याचाच दुसरा भाग वर्षाच्या शेवटी समोर येतो. सहावी ते आठवीचा टप्पा ओलांडण्यासाठी सरकारी शाळेतील मुलाने इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या चार विषयांचे प्रत्येकी तीन अभ्यासक्रम पूर्ण करायचे असतात. त्याचा हिशेब पट ज्याच्याकडे तो ठेवतो. फुल टाइममध्ये तो एफएलव्हीएस ठेवते, शाळा सांभाळून फ्लेक्स घेतले असेल तर ती शाळा ठेवते. गृहशिक्षणात मात्र ‘मूल सातवी उत्तीर्ण झाले’ असे लिहून देणारी शाळाच नसते. फ्लेक्सकडून कोर्सचे गुण मिळतात, इयत्तेचा दाखला मिळत नाही. मध्येच पुण्याला किंवा नाशिकला परतण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी हे आधीच ध्यानात घ्यावे, कारण तिथली शाळा मागच्या शाळेचा दाखला मागणार.

फ्लेक्समध्ये अभ्यास हलका असतो, हाही समज सोडून द्यावा. कोर्स वर्षात केव्हाही सुरू करता येतो हे खरे, पण त्यानंतर कामाची गती ठरते आणि मूल बराच काळ निष्क्रिय राहिले तर त्याचे नाव कोर्समधून काढले जाते. शिवाय ठरावीक टप्प्यांवर शिक्षक मुलाशी तोंडी बोलतात: हे समीकरण असेच का सोडवलेस, या प्रयोगात काय बदलले आणि काय तेच ठेवले. शेजारी बसलेल्या आईबाबांना इथे काही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मला ही पद्धत लेखी चाचणीपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते.

आईवडील दोघेही दिवसभर नोकरीत असतील, तर सहावी-सातवीच्या मुलासाठी सगळे विषय फ्लेक्समधून घेऊन गृहशिक्षण करण्याच्या मी ठाम विरोधात आहे. मूल जवळच्या शाळेच्या पटावर ठेवावे आणि हवा तो एखादा कोर्स फ्लेक्समधून घ्यावा. शाळेत जाणे शक्यच नसेल तर फुल टाइम घ्यावे. काउंटीच्या स्वतःच्या व्हर्च्युअल शाळेचाही पर्याय असतो. तिच्यात कधीकधी अभ्यासक्रम एफएलव्हीएसचाच असतो, पण पट काउंटीचा असतो. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी समुपदेशकाला एवढेच विचारावे, की जूनमध्ये मुलाच्या प्रगतिपुस्तकावर कोणत्या शाळेचे नाव असेल, आणि उत्तर मिळेपर्यंत जुन्या शाळेतून नाव काढू नये.