ॲथलेटिक ट्रेनिंगचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर कसे गेले?

महाराष्ट्रातून फिजिओथेरपीची किंवा क्रीडाशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेत पुढे शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या विद्यापीठांच्या याद्यांमध्ये ‘मास्टर ऑफ सायन्स इन ॲथलेटिक ट्रेनिंग’ असे नाव दिसते, तेव्हा पहिला घोटाळा शब्दापाशीच होतो. आपल्याकडे ट्रेनर म्हणजे जिममध्ये व्यायाम करवून घेणारा आणि ॲथलेटिक्स म्हणजे धावणे, उड्या, गोळाफेक. अमेरिकेतला ॲथलेटिक ट्रेनर यांपैकी काहीच नाही. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून काळजी घेणारा, झालीच तर मैदानावर सर्वांत आधी त्याच्याजवळ पोचणारा आणि तो पुन्हा खेळायला उतरेपर्यंत त्याचे पुनर्वसन सांभाळणारा तो आरोग्यसेवक आहे. या कामात नव्याने येणाऱ्याला आज तिथे पदव्युत्तर पदवी सक्तीची आहे. पण या व्यवसायाची सुरुवात मालिश करणाऱ्या हातांनी झाली होती.

हार्वर्ड विद्यापीठाने १८८१ मध्ये आपल्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी जेम्स रॉबिन्सन यांना नेमले आणि अमेरिकेतील पहिले ॲथलेटिक ट्रेनर म्हणून बहुधा त्यांचेच नाव घेतले जाते. त्या काळातले ट्रेनर धावण्याच्या शर्यतींच्या किंवा मुष्टियुद्धाच्या वर्तुळातून आलेले असत. तेल चोळणे, शेक देणे, पट्टी बांधणे आणि खेळाडूच्या खाण्यापिण्यावर लक्ष ठेवणे एवढे त्यांचे काम, आणि ते जुन्या माणसाच्या हाताखाली राहूनच शिकले जाई. आपल्या तालमीत वस्तादाच्या नजरेखाली मालिश आणि हाड बसवणे शिकले जायचे, त्याच जातीचे हे शिक्षण होते. त्यात ज्ञान नव्हते असे कोणी समजू नये. ते लिहिलेले नव्हते आणि तपासलेले नव्हते, एवढेच.

चेंडू हातात घेऊन एकमेकांना धडकण्याचा हा अमेरिकन फुटबॉल मात्र त्या हातांना पेलवेनासा झाला. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू मृत्युमुखी पडले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, आणि त्या गदारोळातून पुढच्याच वर्षी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संघटना उभी राहिली, जी १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. खेळाचे नियम बदलले, पण मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला काय येत असावे, हा प्रश्न तसाच राहिला. वैद्यकाचे शिक्षण घेतलेले सॅम्युअल बिलिक यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रेनरांसाठी हस्तपुस्तिका लिहिली आणि हे काम शरीरशास्त्राच्या आधाराने शिकवता येते हे दाखवून दिले. त्याच सुमारास कॅन्सस राज्यातल्या गार्डनर गावच्या क्रेमर बंधूंनी चोळण्याचे औषध विकायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या कंपनीने औषधांबरोबर माहितीपत्रके व कार्यशाळाही गावोगावच्या शाळांपर्यंत पोचवल्या. या व्यवसायाच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी विद्यापीठाने नव्हे, तर औषध विकणाऱ्या कंपनीने उचलली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली खरी, पण महायुद्धात ती मोडली. १९५० मध्ये मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे १०१ ट्रेनर एकत्र आले आणि आजची ‘नाटा’, म्हणजे नॅशनल ॲथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन, उभी राहिली. पहिली पाच वर्षे तिचा खर्च क्रेमर यांच्याच कंपनीने सोसला.

पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम ‘पिंकी’ न्यूएल यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये संघटनेने पहिला आदर्श अभ्यासक्रम मान्य केला. या अभ्यासक्रमाचा रोख आज वाचताना नवल वाटते: विद्यार्थ्याने शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होण्याची पात्रता मिळवावी आणि जमल्यास पुढे फिजिओथेरपीला प्रवेश घेण्यापुरते विज्ञानाचे विषय करावेत, असा तो होता. शाळेला निव्वळ ट्रेनर नेमणे परवडत नसे. शिक्षक म्हणून नेमलेला माणूस संध्याकाळी मैदानावर ट्रेनर म्हणून उभा राही. पोटापाण्याची ही व्यवस्था त्या काळी शहाणपणाचीच होती, परंतु तिच्यामुळे ॲथलेटिक ट्रेनिंग हा कित्येक वर्षे शारीरिक शिक्षण विभागाचा जोडविषय बनून राहिला. संघटनेची मान्यता मिळालेले पहिले चार पदवी अभ्यासक्रम १९६९ मध्ये जाहीर झाले: मॅनकॅटो स्टेट, इंडियाना स्टेट, लमार आणि न्यू मेक्सिको. १९७० मध्ये पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली, १९७१ मध्ये टेक्सासने राज्याचा परवाना सुरू केला आणि १९७२ मध्ये इंडियाना स्टेट व ॲरिझोना या विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता मिळाली.

येथून पुढची तीस वर्षे दोन वाटा शेजारी शेजारी चालल्या. एक वाट मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची, जिच्यात प्रत्यक्ष कामाचे किमान ८०० तास भरावे लागत; दुसरी उमेदवारीची, जिच्यात मोजके विषय करून अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली १५०० तास काढले की परीक्षेला बसता येई. उमेदवारीतून आलेल्यांच्या हाताला वळण उत्तम असे. घोट्याला टेप बांधताना खाली पावलाला आणि वर पायाला आधारपट्ट्या, मग टाचेखालून रिकिबीसारख्या जाणाऱ्या पट्ट्या, मग टाचेला दोन्ही बाजूंनी अडकवणारे वेढे, हे सगळे सुरकुती न पडू देता दोन-तीन मिनिटांत उरकायचे आणि बाहेर रांगेत अजून वीस खेळाडू उभे असायचे; हे शेकडो घोटे बांधल्याशिवाय येत नाही. पण मेंदूला बसलेला धक्का ओळखणे किंवा हृदयविकाराचा संशय वेळेत घेणे हे नुसत्या तासांनी येतेच असे नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये ॲथलेटिक ट्रेनिंगला आरोग्यव्यवसाय म्हणून मान्यता दिल्यावर उमेदवारीच्या वाटेचे दिवस भरले, आणि जानेवारी २००४ पासून ती कायमची बंद झाली. आता अधिमान्य, म्हणजे ठरलेल्या संस्थेने तपासून मान्यता दिलेल्या, अभ्यासक्रमाखेरीज परीक्षेचे दार उघडत नाही.

जबाबदारी किती वाढली होती, याचे एकच उदाहरण देतो. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर सरावात कोसळला आणि १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघाताने मरण पावला. त्याच्या शरीराचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर गेले होते. तो सराव मॅनकॅटोतच चालला होता, जिथल्या विद्यापीठात या विषयाच्या पहिल्या चार अभ्यासक्रमांपैकी एक सुरू झाला होता. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात काय करायचे, हे आज प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावे लागते. खेळाडू अडखळू लागला, भलतेच बोलू लागला, की तापमान गुदमार्गातून मोजायचे, कारण कपाळावरचे किंवा तोंडातले आकडे अशा वेळी फसवतात. ते ४०.५ अंशांच्या वर असेल तर त्याला बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवायचे, काखांखालून चादर घालून डोके वर धरायचे, पाणी सतत ढवळत राहायचे, आणि तापमान ३८.९ अंशांपर्यंत उतरल्यावरच त्याला रुग्णवाहिकेत घालायचे. आधी थंड करा, मग हलवा. त्या अर्ध्या तासात डॉक्टर जवळ असेलच असे नाही. हा निर्णय ट्रेनरचा असतो, आणि तो ठामपणे घेण्यासाठी शरीरक्रियाशास्त्र डोक्यात पक्के मुरलेले असावे लागते.

चार वर्षांच्या पदवीत हे सारे बसवणे अवघड होत गेले. सामान्य शिक्षणाचे विषय, विज्ञानाचा पाया आणि दवाखाना-मैदानावरचे काम यांची ओढाताण होई. अठराव्या वर्षी हा विषय घेतलेले बरेच जण पुढे फिजिओथेरपीकडे वळत, आणि फिजिओथेरपीचे शिक्षण तर तोवर डॉक्टरेटच्या पातळीवर जाऊन पोचले होते. मे २०१५ मध्ये नाटा, परीक्षा घेणारे मंडळ, अधिमान्यता देणारी संस्था आणि संशोधन प्रतिष्ठान यांनी मिळून निर्णय जाहीर केला की या व्यवसायात येण्याची पदवी यापुढे मास्टर्सच असेल. २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी पातळीवर नवे विद्यार्थी घेण्यास मनाई झाली.

या निर्णयाला विरोध झाला, आणि तो निराधार नव्हता. पूर्वी प्रमाणपत्र मिळवलेला तरुण ट्रेनर एखाद्या विद्यापीठात ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून संघ सांभाळी आणि त्या बदल्यात शुल्कमाफी व थोडे विद्यावेतन घेऊन मास्टर्स पुरी करी. गरीब घरातल्या कित्येक मुलांनी याच मार्गाने उच्च पदवी मिळवली. आता तीच पदवी उंबरठ्यावर आल्यामुळे ती सोय फार आटली आहे आणि दोन वर्षांचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी बसला आहे. पदवी वाढली तशी पगाराची पायरी वाढली नाही, ही तक्रारही जुनीच आहे. तरीही मी या निर्णयाच्या बाजूने आहे. जानेवारी २०२३ मध्ये सिनसिनाटीच्या मैदानात सामना चालू असताना अमेरिकन फुटबॉल खेळाडू डॅमर हॅमलिनचे हृदय थांबले, तेव्हा त्याच्या छातीवर दाब देऊन त्याला वाचवणाऱ्यांत त्याच्या संघाचा सहायक ॲथलेटिक ट्रेनर होता. इतके ज्याच्यावर सोपवायचे, त्याचे शिक्षण अर्धवट ठेवणे मला पटत नाही. शुल्काचा भार कमी करणे हा वेगळा लढा आहे आणि तोही लढलाच पाहिजे.

या इतिहासामुळेच ‘मास्टर्स’ या एका शब्दाखाली आज दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली व्यवसायात प्रवेश देणारी पदवी: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय आधी झालेले असले पाहिजेत, दोन शैक्षणिक वर्षे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि त्यात सलग चार आठवडे तरी ट्रेनरसारखी पूर्णवेळ हजेरी असते. दुसरी, आधीच प्रमाणपत्र असलेल्यांचे पुढचे शिक्षण. आपल्याकडची बी.पी.टी.एच. ही फिजिओथेरपीची पदवी कितीही चांगल्या गुणांची असली तरी तिच्या बळावर अमेरिकेतल्या या प्रमाणपत्र परीक्षेला बसता येत नाही. कॅनडा आणि आयर्लंडच्या ट्रेनरांना परस्पर कराराने मिळते तशी वाट भारतीय फिजिओथेरपिस्टला नाही. त्याला पहिल्या प्रकारच्या अधिमान्य अभ्यासक्रमातच प्रवेश घ्यावा लागतो. तेव्हा अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमाच्या नावाऐवजी त्याची अधिमान्यता कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे, आणि विभागाला पत्र लिहून ‘ही पदवी घेतल्यावर मला प्रमाणपत्र परीक्षेला बसता येईल का’ हा एकच प्रश्न स्पष्ट विचारून लेखी उत्तर मागावे.